ग्राउंड लूपनंतर: एका टायगर मॉथची किंमत कशी ठरली

या प्रकरणातील व्यक्तींची नावे, विमानाचा नोंदणी क्रमांक आणि विमानतळाचे नाव मी दिलेले नाही. रकमाही आहेत तशा न देता विम्यात ठरलेली किंमत १०० धरून बाकीचे आकडे त्या प्रमाणात मांडले आहेत. बाकी सर्व घडले तसेच आहे.

पार्श्वभूमी

विमान होते डी हॅविलँड डीएच ८२ए, म्हणजेच टायगर मॉथ. या जातीचे पहिले उड्डाण २६ ऑक्टोबर १९३१ रोजी झाले आणि पुढे आठ हजारांहून अधिक विमाने बांधली गेली. दुसऱ्या महायुद्धात आपल्याकडे जोधपूर आणि बेगमपेठ येथे हवाई दलाच्या उमेदवारांनी पहिले धडे याच विमानावर घेतले. दोन पंख वर आणि दोन खाली, स्प्रूस लाकडाचे स्पार (पंखांचे मुख्य वासे), त्यांवर ताणून बसवलेले आणि डोप नावाचा लेप लावून कडक केलेले कापड, पोलादी नळ्यांचा सांगाडा, १३० अश्वशक्तीचे जिप्सी मेजर इंजिन आणि वरच्या पंखाच्या मध्यभागी पेट्रोलची टाकी, अशी त्याची रचना. त्याला ब्रेक नाहीत. मूळ रचनेत शेपटीखाली चाकही नाही, एक स्किड आहे, जी जमिनीत रुतत, घासत विमानाचा वेग कमी करते. प्रस्तुत विमानात हीच मूळ स्किड होती.

मालक दोघे होते, काका आणि पुतण्या. काकांचा नाशिकमध्ये सातपूरला सुट्या भागांचा कारखाना, घर गंगापूर रोडला. पुतण्या नोकरीनिमित्त इंग्लंडमध्ये स्थायिक झालेला, खासगी वैमानिकाचा परवाना आणि शेपटीच्या चाकाच्या विमानांचे वेगळे प्रशिक्षण घेतलेला. टायगर मॉथवर त्याचे साठेक तास झाले होते. विमान इंग्लंडमध्येच एका गवताच्या मैदानावर ठेवलेले असे आणि काका वर्षातून एकदा तिकडे जात.

माझा संबंध आला तो अपघातानंतर. उमेदवारीच्या काळात मी एका फ्लाइंग क्लबच्या वर्कशॉपमध्ये पुष्पक विमानांची देखभाल केली होती. तीही कापड चढवलेली आणि शेपटीच्या चाकाची विमाने. निवृत्तीनंतर मी नाशिक रोडला राहतो, हे काकांना ठाऊक होते. म्हणून एका संध्याकाळी त्यांचा फोन आला.

घटना

त्या दिवशी काका पुढच्या कॉकपिटमध्ये होते आणि पुतण्या मागच्या. टायगर मॉथ मागच्याच आसनावरून चालवतात, त्यामुळे उतरताना वैमानिकाला समोरचे जवळजवळ काहीच दिसत नाही. तो डोके बाजूला काढून कडेच्या गवतावरून अंदाज घेतो. परतीच्या वाटेवर असताना त्यांच्या मैदानावर जोराचा पाऊस होऊन पाणी साचल्याचा निरोप मिळाला. तेव्हा दोन पर्याय होते. वीस मिनिटांच्या अंतरावर दुसरे एक गवताचे मैदान होते, आणि अगदी जवळ डांबरी धावपट्टीचा एक लहान विमानतळ होता. काकांना थंडी वाजत होती आणि अंधार पडायला फार वेळ नव्हता. पुतण्याने जवळचा विमानतळ निवडला.

वारा धावपट्टीला डावीकडून साधारण ४० अंशांचा कोन करून १२ नॉट वेगाने वाहत होता. म्हणजे आडवा घटक पावणेआठ नॉटच्या आसपास. ब्रेक असलेल्या, पुढे चाक असलेल्या विमानाला हे काहीच नाही. टायगर मॉथलाही ते अशक्य नाही, पण डांबरावर त्याची परीक्षाच असते, आणि त्याचे कारण समजून घेणे आवश्यक आहे.

शेपटीवर टेकणाऱ्या विमानात वजनाचा मध्य मुख्य चाकांच्या मागे असतो. नाक थोडे जरी वळले, तरी मागचे वजन ते वळण आणखी वाढवते. विमान आपोआप सरळ होत नाही. गवतावर स्किड रुतते, चाके किंचित घसरतात आणि वैमानिकाला चूक दुरुस्त करण्यास अवधी मिळतो. डांबरावर स्किडला धरायला काही नसते, उलट रबरी चाकांना पक्की पकड मिळते. त्यातच उतरल्यावर वेग घटत जातो तसा रडरवरून, म्हणजे शेपटीवरच्या दिशा वळवणाऱ्या पटलावरून, जाणारा हवेचा झोत मंदावतो, म्हणजे रडरची सर्वाधिक गरज असते नेमक्या त्याच क्षणी ते सर्वाधिक दुबळे असते. या विमानांची जुनी मैदाने चौफेर गवताची असत, ती याच कारणाने. वारा जिकडून असेल तिकडे तोंड करून उतरायचे, आडव्या वाऱ्याचा प्रश्नच येऊ द्यायचा नाही.

विमान तिन्ही टेकूंवर चांगले टेकले, असे दोघेही सांगतात. ताशी वीसेक मैलांपर्यंत वेग उतरल्यावर नाक डावीकडे, वाऱ्याच्या दिशेने वळू लागले. पुतण्याने उजवे रडर पूर्ण दाबले. या वेळी थ्रॉटल क्षणभर उघडून, म्हणजे इंजिनाची ताकद वाढवून, रडरवर हवा मारणे हा एक उपाय असतो, पण ब्रेक नसलेल्या विमानात, संपत आलेल्या धावपट्टीवर, वेग वाढवायला हात धजावत नाही. तो क्षण गेला. विमान डावीकडे गर्रकन फिरले (यालाच ग्राउंड लूप म्हणतात) आणि बाहेरच्या, म्हणजे उजव्या बाजूला कलंडले. उजव्या बाजूच्या चाकाचा पाय दुमडला, उजव्या खालच्या पंखाचे टोक डांबरावर घासून मोडले आणि नाक खाली जाऊन लाकडी प्रोपेलरच्या चिरफळ्या उडाल्या. कोणालाही इजा झाली नाही.

पहिला अर्धा तास

माझ्या मते विमानाच्या किमतीचे सर्वांत मोठे नुकसान धावपट्टीवर विमान फिरले त्या तीन सेकंदांत झाले नाही. ते त्यानंतरच्या अर्ध्या तासात झाले. धावपट्टी मोकळी करायची घाई होती. चार माणसांनी विमान उचलून बाजूला घेतले, आणि त्यांतील दोघांनी मोडलेल्या पंखाला, जिथे पकडायला सोपे वाटले तिथे, पकडले. आतल्या रिब, म्हणजे पंखाला आकार देणाऱ्या फासळ्या, तिथे दबल्या. प्रोपेलरचे तुकडे झाडून एका पिंपात टाकले गेले आणि ते पुन्हा मिळाले नाहीत. विमान जसे थांबले तसे त्याचे छायाचित्र एकच निघाले, तेही दुरून.

हे मी कोणाला दोष देण्यासाठी लिहीत नाही. मदतीला धावलेले लोक मनापासून धावले होते. पण कोणता तडा डांबराने पाडला आणि कोणता हातांनी, हे नंतर विमा कंपनीच्या सर्व्हेअरला सांगता आले नाही, आणि जे सांगता येत नाही त्याची किंमत कमीच धरली जाते. धावपट्टी अडली असली तरी चार बाजूंनी आठ छायाचित्रे घ्यायला दोन मिनिटे पुरतात. उचलताना चाकाच्या आसाला आणि पोलादी सांगाड्याला हात घालावा, पंखाला कधीच नाही, एवढी एक गोष्ट मालकाने मोठ्याने सांगितली असती तरी पुष्कळ झाले असते.

अडचण

सर्व्हेअरने दुरुस्तीचा पहिला अंदाज ७२ दिला. मोडलेले विमान आहे त्या अवस्थेत विकले तर २५ येतील, असे त्याचे मत होते. विमा ‘ठरलेल्या किमतीचा’ होता, म्हणजे संपूर्ण नुकसान मानले तर बाजारभावावर वाद न घालता १०० मिळणार होते.

इथे विमा कंपनीचे गणित समजून घ्यावे. १०० देऊन तिने मोडके विमान २५ ला विकले तर तिचा निव्वळ खर्च ७५. दुरुस्ती केली तर ७२. दोन्हींत फरक नगण्य, पण लाकडी विमान उघडले की आत काय निघेल याचा नेम नसतो आणि दुरुस्तीचा अंदाज वाढतच जातो. म्हणून कंपनीने मालकांपुढे तीन वाटा ठेवल्या: दुरुस्ती, संपूर्ण नुकसान मान्य करून विमान कंपनीला देणे, किंवा संपूर्ण नुकसानीची रक्कम घेऊन, मोडक्या विमानाची किंमत त्यातून वजा करून, ते स्वतःकडेच ठेवणे.

पुतण्याला दुरुस्तीच हवी होती. “काका, माझ्या हातून मोडलं, मीच ते उडवून दाखवीन,” असे तो फोनवर म्हणाल्याचे काकांनी मला सांगितले. काकांच्या मनात वेगळेच होते. त्यांना ते विमान कंटेनरमध्ये घालून नाशिकला आणायचे होते, कारखान्यातल्या एका शेडमध्ये उभे करायचे होते आणि शाळेतल्या मुलांना दाखवायचे होते.

टेबलावरचा तुकडा

काका परतले तेव्हा त्यांच्या बॅगेत, कपड्यांत गुंडाळलेला, त्या उजव्या खालच्या पंखाच्या मागच्या स्पारचा सुमारे ४० सेंटिमीटर लांबीचा तुकडा होता. पाहणी झाल्यावर सर्व्हेअरने मोडलेला भाग मोकळा केला होता आणि वर्कशॉपने तो कापून दिला होता. काकांना तो आठवण म्हणून हवा होता. मला दाखवायला म्हणून ते तो घेऊन आले.

मोडलेले टोक ताजे होते. लांब, पांढरट, दातेरी फाटलेले तंतू, स्प्रूस ओढून तुटले की दिसतात तसे. ते पाहून झाल्यावर मी सवयीने खोलीतला दिवा बंद केला आणि बॅटरी तुकड्याला जवळजवळ समांतर धरून प्रकाश तिरपा टाकला. टोकापासून वीतभर आत, जिथे प्लायवूडची जोडपट्टी संपते त्या कडेला लागून, लाकडाच्या तंतूंना आडवी जाणारी, केसाइतकी बारीक, किंचित वेडीवाकडी एक रेघ उठून दिसली. समोरून प्रकाश टाकला की ती नाहीशी होई. हा दाबाचा तडा. लाकूड ताणून तुटते तेव्हा आवाज होतो, चिरफळ्या उडतात. दाबून निकामी होते तेव्हा फक्त एवढी एक सुरकुती पडते, आणि तिथली ताकद गेलेली असते.

भिंगातून पाहिल्यावर त्या रेघेत वॉर्निश उतरलेले दिसले. म्हणजे तडा या अपघाताचा नव्हता. पंखावर शेवटचे वॉर्निश लागले त्याआधीच तो पडलेला होता, बहुधा पूर्वीच्या एखाद्या ग्राउंड लूपमध्ये, आणि त्यावर वॉर्निश व कापड चढवले गेले होते.

पुतण्याने लॉगबुकांची, म्हणजे विमानाच्या नोंदवह्यांची, पाने छायाचित्रे काढून पाठवली. आम्ही तीन संध्याकाळी ती वाचली. अनेक दशकांपूर्वीची एक ओळ सापडली: उजवा खालचा पंख बदलला, ‘वापरण्यायोग्य’ पंख बसवला. तो पंख कोणत्या विमानाचा, त्याचा पूर्वेतिहास काय, याची नोंद नव्हती. बाकी तीन पंखांची नोंद अखंड होती.

सांगायचे की नाही

हा या प्रकरणातला सर्वांत अवघड निर्णय. जुना तडा विमा कंपनीला कळवला तर ती ‘विमान आधीच सदोष होते’ असे म्हणू शकेल, अशी काकांना भीती होती. त्यांच्यासारखा सचोटीचा कारखानदारही रात्रभर विचारात पडला. मी माझे मत स्पष्ट सांगितले. न सांगता दुरुस्ती झाली आणि उद्या पंख हवेत निकामी झाला तर आत बसलेला माणूस कोणाचातरी मुलगा असेल. आणि न सांगता विकले तर ती फसवणूक होईल.

त्याच संध्याकाळी काकांनी आणखी एक गोष्ट सांगितली. विमान फिरू लागले तेव्हा घाबरून त्यांनी दोन्ही पाय ताणून पुढे रेटले होते. पुढच्या कॉकपिटमध्येही रडरची पट्टी असते. पाय फरशीवर होते की पट्टीवर, हे त्यांना खात्रीने सांगता येत नव्हते. पुतण्याने हे ऐकले आणि आपल्या निवेदनात तेही जोडले, मात्र उड्डाणापूर्वी पाय कुठे ठेवायचे हे प्रवाशाला सांगणे आपले काम होते, असेही त्याने लिहिले.

तडा कळवल्यावर सर्व्हेअरने पुन्हा पाहणी केली. पंख मोडण्याची सुरुवात टोकाच्या धडकेपासून झाली, जुना तडा त्याला कारणीभूत नाही, असा निष्कर्ष त्याने काढला आणि दावा अबाधित राहिला. मोडक्या विमानाची धरलेली किंमत मात्र २५ वरून २१ वर आली.

पर्यायांचा विचार

दुरुस्तीचे चित्र आता पालटले होते. विमा अपघाताने झालेले नुकसान भरतो, जुने दोष नाही. एका स्पारमध्ये लपलेला तडा सापडल्यावर कोणताही जबाबदार इंजिनिअर बाकीचे पंख उघडल्याशिवाय सही करणार नाही. कापड काढणे, तपासणे, डागडुजी करणे आणि कापड पुन्हा चढवणे यांचा खर्च मालकांच्या माथी सुमारे ३० पडणार होता. एवढे करून हाती येणाऱ्या विमानाच्या इतिहासात अपघाताची नोंद राहणार, त्यामुळे त्याची किंमत ९० ते ९५ च्या पुढे जाणे कठीण. पैशांच्या भाषेत सांगायचे तर १०० च्या जागी साठ-पासष्ट.

सुटे भाग करून विकण्याचाही प्रस्ताव आला होता. इंजिन, वरचे दोन्ही पंख, शेपटी, उपकरणे यांना ताबडतोब गिऱ्हाईक होते. मी याला विरोध केला. विमानाची ओळख त्याच्या क्रमांकाच्या पाटीत आणि अखंड लॉगबुकांत असते. सांगाडा, पाटी आणि वह्या एकत्र असतील तर त्यातून पुन्हा तेच विमान उभे राहते. एकदा हे तीन वेगळ्या घरी गेले की ती ओळख पुन्हा जोडता येत नाही.

नाशिकला आणण्याच्या विचाराला मी सर्वांत जास्त वेळ दिला, कारण तो काकांच्या जिव्हाळ्याचा होता. उडवायचे म्हटले तर आपल्याकडे पट्ट्या डांबरी, आणि तेच तर संकटाचे मूळ. शिवाय नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटरवर आहे. ३८ अंश तापमानाच्या दुपारी इथली हवा जवळजवळ १,६०० मीटर उंचीवरच्या प्रमाण हवेइतकी विरळ असते. वेगदर्शकावर काटा तोच दिसला तरी, समुद्रसपाटीवरच्या प्रमाण हवेच्या मानाने, जमिनीवरचा प्रत्यक्ष वेग सुमारे ८ टक्के जास्त आणि टेकतानाची गतिज ऊर्जा सुमारे १७ टक्के जास्त. नुसते उभे करायचे म्हटले तरी मे महिन्यातली कोरडी झळ आणि जुलैतली ओल यांच्यात लाकूड दर वर्षी आकसते, फुगते आणि जुने सरसाचे सांधे सुटतात. पत्र्याच्या शेडमध्ये ते विमान पाच पावसाळेही धड राहिले नसते. हे ऐकून काका बराच वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले, “म्हणजे इथं आणून मी त्याला मारणारच.”

केलेली कार्यवाही

दोघांनी संपूर्ण नुकसानीची रक्कम घेतली, त्यातून २१ वजा होऊ दिले आणि मोडके विमान स्वतःकडे ठेवले. त्यानंतर, विकण्यापूर्वी, त्यांनी ६ खर्चून इंजिन उघडून तपासून घेतले. प्रोपेलर जमिनीवर आपटले की क्रँकशाफ्टला, म्हणजे इंजिनाच्या फिरत्या दांड्याला, झटका बसतो, आणि न तपासलेल्या इंजिनाला घेणारा माणूस ते निकामीच धरून चालतो. प्रोपेलर लाकडी असल्याने बहुतेक धक्का त्यानेच सोसला होता. शाफ्ट सरळ निघाला, तडा नव्हता, आणि तसा लेखी अहवाल हाती आला. खालचे पंख जिथे सांगाड्याला जोडले जातात तिथले आडवे टाय रॉड (ताण धरणारे दांडे) वापराची मुदत ठरवून दिलेले भाग आहेत. ते कधी बसवले याची नोंद शोधून तीही कागदांत लावली. ठेवणावळ आणि वाहतूक मिळून आणखी ४ गेले.

विक्रीच्या मजकुरात पहिल्याच परिच्छेदात जुन्या तड्याचा उल्लेख होता, तिरप्या प्रकाशातल्या छायाचित्रासह. मोडलेले सर्व भाग, दुमडलेला पाय, फाटलेले कापडसुद्धा, विमानाबरोबरच दिले जाईल असे लिहिले.

निष्पत्ती

सात आठवड्यांनी जुन्या विमानांची पुनर्बांधणी करणाऱ्या एका वर्कशॉपने ते ३३ ला घेतले. विम्याचे ७९, विक्रीचे ३३, वजा १० खर्च. मालकांच्या हाती १०२ आले. पैसे बुडाले नाहीत. पुतण्याला मात्र तो अपघात फार दिवस पचला नाही; त्याने सहा महिने उड्डाण केले नाही आणि नंतर प्रशिक्षकाबरोबर फक्त गवतावर सुरुवात केली.

वेगळे काय करता आले असते

वीस मिनिटांवरच्या गवताच्या मैदानाकडे जायला हवे होते. पेट्रोल होते, उजेडही तेवढा होता. जवळच्या विमानतळावरच जायचे ठरले तरी धावपट्टीशेजारच्या गवतावर, वाऱ्याकडे तोंड करून उतरू द्याल का, हे रेडिओवर विचारता आले असते. पुतण्याच्या मनात तो प्रश्न आला होता. परक्या ठिकाणी उगीच कशाला त्रास द्यायचा, म्हणून त्याने विचारला नाही. माझ्या मते संपूर्ण प्रकरणातला निर्णायक क्षण हाच. रडरचा उशीर ही त्यानंतरची गोष्ट.

विकत घेतानाच लॉगबुकातली ‘वापरण्यायोग्य पंख’ ही ओळ कोणीतरी वाचून थांबायला हवे होते. ज्या भागाचा पूर्वेतिहास लिहिलेला नाही, तो भाग खरेदीपूर्वी उघडून पाहण्याचा आग्रह धरावा, किंवा किमतीत तेवढी सूट मागावी.

आणि एक चूक माझ्या डोळ्यांदेखत झाली, ती मी उशिरा ओळखली. तो स्पारचा तुकडा नाशिकला यायलाच नको होता. तो पुरावा होता, विमानाचाच भाग होता. विक्री ठरली तेव्हा काकांनी तो स्वतःच्या हाताने मलमलीत गुंडाळला, लाकडी खोक्यात बसवला आणि परत पाठवला. नव्या मालकांनी तो पोहोचल्याचे कळवले. लॉगबुकात आता त्या पंखापुढे तड्याची नोंद, तुकड्याचे माप आणि तारीख आहे, आणि खाली पुतण्याची सही.